निर्णय तुमचा

भोरच्या चौपाटी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या भाषणाच्या प्रती निघत होत्या आणि मी गरम कागद छातीशी धरून उभी होते, तेवढ्यात समोर कंपनीची बस येऊन थांबली. शिरवळच्या कारखान्यांच्या अशा बस सकाळी भोरात येतात, पोरी भरून घेतात आणि जातात. त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. मीही बघितलं नसतं, पण खिडकीतून कुणीतरी "मॅडम!" म्हणून हाक मारली. केसांवर जाळीची टोपी, अंगात निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. शिवानी होती. पुण्यातल्या एखाद्या चांगल्या कॉलेजात ती गणिताच्या दुसऱ्या वर्षाला असेल असं मी जूनपासून धरून चालले होते. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या यादीत तिचं नाव दिसलं नाही तेव्हाच मी हे धरून टाकलं होतं. धरून चालायला काय लागतं? फोनसुद्धा करावा लागत नाही. ती हसली, हात हलवला. मीही हलवला आणि हातातले कागद खाली सांडले. दुकानदार ते गोळा करीपर्यंत बस पुलाच्या दिशेला निघून गेली होती. तिच्या हसण्यात तक्रार नव्हती, लाजही नव्हती. बाजारात ओळखीचं माणूस दिसल्यावर हसावं तसं ते साधं हसणं होतं. तक्रार असती तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं माझ्याकडे पुष्कळ आहेत. दुकानदाराने पुसून दिलेल्या पहिल्याच कागदावर ठळक अक्षरात छापलेलं होतं : उच्च शिक्षणातील मार्गदर्शन, तत्त्व आणि प्रयोजन. खाली माझं नाव, सौदामिनी, आणि नावाआधी डॉक्टर.

ही डॉक्टरकी त्याच विषयातली. मी इथल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, आणि विद्यार्थ्याने कोणता विषय घ्यावा, शिक्षण कशासाठी घ्यावं, हे ठरवायला शिक्षकाने त्याला कशी मदत करावी यावर मी सात वर्षं घासून प्रबंध लिहिला आहे. तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता नवीन धोरण आलं, मुख्य विषय, गौण विषय, श्रेयांक असलं सगळं आलं, आणि प्रत्येक शिक्षकाच्या गळ्यात वीस-पंचवीस पोरं बांधली गेली. आम्ही मेंटॉर, ती मेंटी. आमच्या शिपायाच्या तोंडी हा शब्द बसत नाही, तो दारात उभा राहून "मॅडम, तुमची मेंढरं आलीत" असं सांगतो आणि मला त्याचा राग येत नाही. एकाएकी माझा भाव वधारला. प्राचार्य, जे मला इतकी वर्षं 'ताई, तुमचं ते पुस्तकी' म्हणून उडवून लावायचे, ते मला 'आपल्या तज्ज्ञ' म्हणू लागले. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. आणि त्या तज्ज्ञबाईंच्या वाट्याला पहिल्याच वर्षी शिवानी आली होती. वेल्ह्याकडची, मार्गासनीहून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याला तिचं गाव. भोरात आत्याकडे राहून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. गणित, भौतिक आणि रसायन हे तिचे तीन विषय, त्यातला एक वर्षाअखेरीला मुख्य म्हणून निवडायचा होता. गणिताचे सर तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे, घरातलं सोनं कुठे ठेवलंय ते सांगताना माणसं आणतात तसा.

दुकान ते कॉलेज हा रस्ता मी डोळे मिटून चालू शकते, आणि त्या दिवशी जवळजवळ तशीच चालले. ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हाचं आठवत होतं. खुर्चीच्या टोकावर बसली, दप्तर मांडीवर, आणि म्हणाली, "मॅडम, म्या काय घेऊ?" मी हसले. याच प्रश्नाची तर मी वाट बघत होते, कारण त्याला काय उत्तर द्यायचं नाही हे माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण. "तुला काय वाटतं?" असं मी विचारलं. ती गोंधळली. मग म्हणाली, गणित आवडतं. मी म्हणाले, छान. का आवडतं? तिने बराच विचार करून सांगितलं की, "त्यात कुनाला इचारावं लागत न्हाई. आपलं बरोबर आलं की आपल्यालाच कळतं." हे वाक्य मला इतकं भावलं की मी ते लगेच लिहून घेतलं, पुढे एका चर्चासत्रात वापरलंसुद्धा. पण तिला मी तेव्हाही म्हणाले, छान. नंतर ती वर्षभर येत राहिली. घरचे रसायन घे म्हणतात, शिरवळला औषधाच्या कंपन्या आहेत, म्हणून सांगे. चुलते म्हणतात आता पुरे, म्हणून सांगे. मी ऐकून घेत होते. ऐकून घेणं हे कौशल्य आहे, शिकावं लागतं. समोरच्याच्या शब्दांतच त्याला परत विचारायचं, म्हणजे त्याला स्वतःचं मन दिसतं. "म्हणजे तुला वाटतंय की घरच्यांची अडचण आहे?" असं मी विचारायचे. ती "व्हय" म्हणायची. मी मान डोलवायचे. ती जाताना दारापाशी क्षणभर थांबायची, आणखी काही मिळेल म्हणून रेशनच्या दुकानात माणूस थांबतं तशी, आणि मग जायची.

कार्यशाळा अकराला सुरू झाली. हार, श्रीफळ, दीपप्रज्वलन, पंख्याने दोनदा विझलेली ज्योत. आसपासच्या तालुक्यातले शिक्षक आले होते आणि बहुतेकांचं लक्ष जेवणाच्या हॉलकडे होतं. मी बोलू लागले. मार्गदर्शनाचे तीन मार्ग असतात, मी सांगितलं. पहिला, सांगणाऱ्याचा : हा विषय घे, तो घेऊ नकोस, वैद्याने पुडी बांधून द्यावी तसा. दुसरा, विद्यार्थ्याच्या आतला निर्णय घडू देण्याचा : शिक्षक विचारतो, ऐकतो, थांबतो. तिसरा, आपण होऊन त्याच्या दारी जाण्याचा : तो अडचणीत दिसला की बोलावण्याची वाट न बघता जायचं. यातला पहिला मार्ग म्हणजे मुलाचा अपमान आहे, तिसरा म्हणजे लुडबूड होण्याचा धोका आहे, म्हणून दुसरा खरा, असं मी आजवर शेकडो वेळा म्हटलं असेल. त्या दिवशीही म्हटलं. तोंडाला सवय असते. मग पडद्यावर 'आदर्श उपक्रम' म्हणून फोटो दाखवायचा होता. प्राचार्यांचा आग्रह की प्रत्येक भेटीचा फोटो हवा आणि त्यावर ठिकाण, तारीख, अक्षांश-रेखांश उमटलेले हवेत, म्हणजे बाहेरून तपासायला येणाऱ्यांना शंका उरत नाही. फोटो आला. जूनमधली पालकभेट. मी टेबलामागे, प्रसन्न. शिवानी उभी. तिचा बाप हनुमंत पांढऱ्या शर्टात कॅमेऱ्याकडे बघून ताठ. आणि आजोबा गेनबा, खुर्चीवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, कॅमेऱ्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते. इतके दिवस तो फोटो माझ्या संगणकात होता. मी त्यात स्वतःलाच बघत आले होते. आता पडद्यावर म्हाताऱ्याचं तोंड भिंतीएवढं झालं होतं आणि ती नजर माझ्यावरून हलत नव्हती. मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, फोटो मोबाईलवर काढला तर चालतो का, की कॅमेराच लागतो?" प्राचार्यांनीच उठून उत्तर दिलं आणि मी पाणी प्यायले.

त्या दिवशी काय झालं होतं ते मला नीट आठवतं, कारण मी त्या भेटीवर खूश होते. तिघे आले, नमस्कार झाले. गेनबांनी खुर्चीवर बसायला कां-कूं केली, मी आग्रह करून बसवलं. हनुमंताने सांगितलं की एक वर्ष झालं, नव्या पद्धतीत एका वर्षाचंही प्रमाणपत्र मिळतं असं ऐकलं. मी खरं ते सांगितलं, मिळतं. आम्ही त्याला 'निर्गम' म्हणतो, विद्यार्थ्याच्या सोयीसाठी ठेवलेलं दार आहे. गणित मुख्य घेतलं तर पुढे काय, रसायन घेतलं तर काय, थांबली तर काय, हे तिन्ही मी सारख्याच आवाजात सांगितलं. एकाही बाजूला झुकता कामा नये. मी झुकले नाही. तेव्हा गेनबा म्हणाले, "म्याडम, आमी अडानी. तुमी सांगा. पोरीला पुडं ठिवावी का न्हाई?"

"आबा, मी कशी सांगू? निर्णय तुमचा आणि शिवानीचा आहे."

म्हातारा थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं ऐकू कमी येतं, म्हणून मी जरा मोठ्याने तेच पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, शब्दसुद्धा तेच. "पुडं ठिवावी का न्हाई?" मी स्मित केलं. हे स्मितही शिकलेलं आहे, त्यात होकार नसतो, नकार नसतो, नुसता विश्वास असतो. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर एन.सी.सी.च्या पोरांची कवायत चालली होती. शिवानी माझ्याकडे बघत होती, आता आठवतं, ओठ जरासे उघडे होते तिचे. अशा शांततेला घाबरायचं नसतं, तिच्यातूनच निर्णय जन्मतो. मी ती शांतता मोडली नाही. मग गेनबांनी गुडघ्यांवरचे हात उचलले, जोडले, "बरं" म्हणाले आणि उठले. शिपायाने त्याआधीच फोटो काढून घेतला होता. ते गेल्यावर मी अहवालात लिहिलं : पालक व विद्यार्थिनीस निर्णयक्षम केले.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! जेवणाच्या हॉलमध्ये श्रीखंडाची वाटी पुढे घेऊन बसले होते आणि मला कुठून कोण जाणे आमच्या घरातली आमटी आठवली. माझे वडील नगरपालिकेत हेडक्लार्क होते. मला रसायनशास्त्र हवं होतं. शाळेतल्या प्रयोगशाळेच्या वासाने मला भूक लागायची, इतकं ते मला आवडायचं. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी ताटात आमटी वाढताना विचारलं, "दादा, पुढे काय घेऊ?" त्यांनी मान वर केली नाही. "बी.ए. कर. मानसशास्त्र घे, वर्ग सकाळचे असतात, अंधार पडायच्या आत घरी. आणखी वाढ जरा." झालं माझं मार्गदर्शन. आमटी वाढायला लागली त्याहून कमी वेळ. पुढे मी त्याच विषयात पहिली आले, नोकरी लागली, दादा गावभर सांगत फिरले की मी म्हणत होतो, पोरगी नाव काढणार. मी त्यांना कधी क्षमा केली नाही. सगळं चांगलं झालं म्हणून तर जास्तच केली नाही. वाईट झालं असतं तर भांडता आलं असतं. माझा प्रबंध त्या आमटीतून निघाला. पानापानांवर मी दादांना सांगत होते की असं बोलू नये, असं माणसाचं आयुष्य ताटावर बसून उरकू नये. दादा वारून तेव्हा चार वर्षं झाली होती. ते ऐकणार नाहीत हे ठाऊक असूनही त्यांना धडा म्हणून मी तोंड शिवलं, आणि शिवलं ते दुसऱ्याच्या पोरीसमोर. पण हे सगळं समजूनही माझं मन म्हणत होतं, तू चुकली नाहीस, त्यांनी ठरवलं. त्यांचा निर्णय. श्रीखंड अती गोड होतं. मी ते तसंच टाकून उठले.

घरी शरच्चंद्र, म्हणजे आमचे हे, व्हरांड्यात पेपरातलं कोडं सोडवत बसले होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टी सोप्या वाटतात. मी चहा ठेवला आणि सकाळचं सांगितलं. म्हणाले, "मग? नोकरी लागली तिला. आपल्या भार्गवीला अजून लागली नाहीये." मी तडकले. त्यांना कळेना कशावर. मी म्हणाले, ती गणिताची मुलगी होती, ती बाटल्यांवर लेबलं बघत उभी राहणार का? "मग सांगायचं होतंस जूनमध्ये तिच्या बापाला." मी पुन्हा तत्त्व सांगू लागले, तेव्हा ते चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "सौदामिनी, तुझ्या पुस्तकात ते तिसरं काहीतरी होतं ना, न बोलावता दारी जायचं? मीच टाइप केलंय ते. रविवारी जाऊन ये की." माणूस रागात असला की शहाणपणाचं बोलणंही झोंबतं. मी कपबशा उचलून आत गेले, पण रविवारी गेले.

नसरापूरला गाडी बदलली. वेल्ह्याच्या एसटीत लग्नाचं वऱ्हाड होतं, मला उभंच राहावं लागलं, आणि त्या गर्दीत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा दुसऱ्या वर्षाला येऊ शकते, नव्या पद्धतीत ती सोय आहे. निर्गम आहे तसा पुनःप्रवेशही आहे. एक वर्ष म्हणजे काय? हे मी स्पष्ट सांगणार होते, हो किंवा नाही अशा शब्दांत. आयुष्यात पहिल्यांदाच. भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर जरा हुशारीही वाटत होती, उपास मोडायला निघाल्यासारखी. गावात उतरले तर अंगणात हरभरा सोलत बसलेल्या शिवानीनेच मला आधी पाहिलं. पळत आली, हातातली पिशवी घेतली. घर स्वच्छ, पत्र्याचं, समोर राजगडाची सोंड. चटई आली, पाणी आलं. दारात एक धाकटी, दोन वेण्यांची, पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ही ऋतुजा, यंदा दहावीला, शिवानीने सांगितलं. मी तिच्याकडे बघून हसले आणि लगेच गेनबांकडे वळले, कारण वाक्यं विसरायला होईल अशी धास्ती होती.

"आबा, शिवानीचं शिक्षण का थांबवलंत?"

हनुमंताने बापाकडे बघितलं. गेनबा म्हणाले, "आमी कुठं थांबवलं? तुमीच न्हाई म्हनला की."

"मी? मी कधी नाही म्हणाले?"

"व्हय म्हनला का?"

त्यांच्या बोलण्यात वाद घालायचा सूर नव्हता. साधा हिशेब विचारावा तसं विचारत होते. मग त्यांनी सावकाश सांगितलं. "घरात लई वादावादी झाली, म्याडम. ह्यो हनुमंता म्हनत हुता येक वरीस झालं, सर्टिफिकीट गावलं, बास. पोरगी म्हनली, न्हाई, गनित करनार. म्या म्हनलं भांडू नगा, मेंगाईला कौल लावू. आमच्यात हीर खनायची, सोयरीक करायची, काय बी असूद्या, आदी कौल. तर हीच म्हनली, आबा, देवीला गनितातलं काय कळतंय? देवी काय कालिजात गेलीया? म्याडमला इचारा, त्या म्हनतील तसं करा, म्या ऐकंन. मला पटलं. म्हनलं, बरं, म्याडमचा कौल. म्हनून आलो तुमच्याकडं. दोन येळा इचारलं. तुमी गप."

मी भोरात वाढले आहे. कौल मला कुणी समजावून सांगायला नको. ओल्या मूर्तीच्या उजव्या अंगाला एक फूल चिकटवायचं, डाव्या अंगाला एक, प्रश्न विचारायचा, हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि मूर्तीच्या तोंडाकडे बघत बसायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आणि कुठलंच पडलं नाही, तर देवीच्या मनात ते काम नाही म्हणून हात जोडून उठायचं. माझ्या लग्नाच्या वेळी आईने असाच कौल लावलेला मी शेजारी बसून पाहिला होता. आणि तेच गुडघ्यांवरचे हात, तीच नजर माझ्या टेबलासमोर बसली होती तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं! कुणी बाहेरगावची बाई असती तर तिला माफ असतं. मी शिवानीकडे वळले. "अगं, तुला तरी माहीत होतं ना, आमची पद्धत निराळी असते? मी तुझ्यावर सोपवलं होतं."

ती हरभऱ्याचे घाटे सोलतच होती. "मॅडम, मला वाटलं तुमी मुद्दामच बोलत न्हाई. वरीसभर मी येत हुते, तुमी कधीच म्हनला न्हाईत की तुला जमंल. मला वाटलं, माझ्यात तेवढं नसंल, आन् ते तोंडावर सांगायला नको म्हनून तुमी गप बसताय. तुमी चांगल्या हाय म्हनून."

तिच्यात केवढं आहे हे मला ठाऊक होतं, गणिताच्या सरांना ठाऊक होतं, चर्चासत्रातल्या परक्या लोकांना मी ते वाचून दाखवलं होतं. फक्त तिला सांगितलं नव्हतं. कौतुक केलं की मूल आपल्या मताच्या बाजूला झुकतं, असं माझ्या प्रबंधात आहे. मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच कर्कश वाटला, "तुझ्यात आहे. खूप आहे. आबा, मी आज स्पष्ट सांगते, जूनमध्ये तिला परत पाठवा. दुसऱ्या वर्षाला. गणितालाच. प्रवेशाचं मी बघते."

गेनबांनी मान हलवली. त्यात राग नव्हता. "आता कसं व्हईल? येका कामाला दोनदा कौल न्हाई लावत, म्याडम. देवाला खोटं पाडल्यागत व्हतं." मी हनुमंताकडे पाहिलं. तो पत्र्याकडे बघत होता. मी शिवानीकडे पाहिलं, अजूनही वाटत होतं की ती उसळून म्हणेल, मला जायचंय. मीच तिच्यात घडू दिलेला निर्णय, कुठे तरी असेलच की तिच्या आत! ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम. मीच म्हनले हुते तुमी म्हनाल ते ऐकंन. आता माझा शब्द फिरवला तर हितं पुना कुन्या पोरीचं कोन ऐकनार? आन् कंपनीत बरं हाय, भोरातनं आत्याकडनंच जाते. पॅकिंगला लावलंय, सवय झाली." आणि तिने सोललेले हरभरे माझ्यापुढे ताटलीत ठेवले. मी ते खाल्ले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

चहा चुलीवर चढला होता. मला उठून जावंसं वाटत होतं, पण चहाशिवाय उठणं म्हणजे त्यांच्या तोंडावर मारण्यासारखं झालं असतं. तेव्हा हनुमंत खाकरला आणि म्हणाला, "म्याडम, आलाच हाय तर ह्या धाकटीचं बी सांगा. दहावी झाली की आर्टला घालावी का सायनला?" गेनबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले. ऋतुजा दारातच होती. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला, म्हणजे आईही ऐकत होती. आता मला ती नजर ओळखू येत होती. मला माहीत होतं काय करायला हवं, माझ्याइतकं या तालुक्यात कुणालाच माहीत नसेल. त्या मुलीकडे वळायचं आणि विचारायचं, तुला काय वाटतं? पण मी तिच्याकडे वळले की ते इथे गप्प राहणंच ठरणार. गप्प राहिलं की काय होतं ते माझ्यासमोर बसून हरभरा सोलत होतं. म्हाताऱ्याची पापणी हलत नव्हती. मला या घरातली दुसरी पोर घालवायची नव्हती. आणि त्याहून खरं म्हणजे मला त्या नजरेखालून सुटायचं होतं.

"सायन्स," मी म्हणाले. "सायन्सलाच घाला."

घर एकदम हललं. गेनबांनी हात जोडून कपाळाला लावले. हनुमंत मोकळा हसला, "झालं मग! म्याडम म्हनल्या, आता इचार न्हाई." आत पुन्हा भांडी वाजू लागली. शिवानीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला तर बरं वाटत होतं, लाज वाटेल इतकं बरं. हे इतकं सोपं असतं! दादा मान वर न करता का सांगत ते तेव्हा समजलं. चहा झाला, निरोप झाले. पाया पडायला ऋतुजाला हाक मारली तर ती कुठे दिसली नाही. आई म्हणाली गोठ्याकडे गेली असेल, लाजते.

शिवानी मला फाट्यावर सोडायला आली. गाडीला वेळ होता. झाडाखाली उभं राहिल्यावर ती म्हणाली, "लाजत न्हाई ती. रडत आसंल."

"का?"

"तिला आर्टला जायचं हुतं. पोलीस भरती करायचीया तिला. पहाटं पळती रोज, मार्गासनीच्या पुलापतुर. आर्टला वर्ग कमी असतात, सरावाला येळ मिळतो. वेल्ह्यातल्या सरांना भेटून पन आली हुती."

मी घराच्या दिशेने वळले. शिवानीने माझ्या दंडाला हात लावला. "नका जाऊ. आबा काय म्हनले ऐकलं न्हवं तुमी."

"अगं, मग ती तिथे बोलली का नाही?"

"आबा तसं बसल्यावर कोन बोलनार, मॅडम?"

"निदान तू तरी मला आधी सांगायचंस!" मी जवळजवळ ओरडले. रस्त्याने जाणारा सायकलवाला वळून बघून गेला.

ती जराही चिडली नाही. बसच्या खिडकीतून हसली होती तशीच हसली. "तुमी इचारलं न्हाई," ती म्हणाली.

वळणावर एसटी दिसली. शिवानीने रस्त्यात जाऊन हात केला, गाडी थांबवली, माझी पिशवी आधी वर दिली, मग मला हाताला धरून चढवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "मॅडमना नसरापूरला उतरवा."